चौथा रकाना

काम सुरू करण्याआधी ते डाव्या मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि कीबोर्डच्या शेजारी उताणं ठेवायचे. चावीचं जुनं घड्याळ, काचेला एका बाजूने तडा गेलेला. मग बोटं एकदा सदऱ्याला पुसून म्हणायचे, "डब्यावर छापलेला वेग नको साहेब. घड्याळात काय येतं ते बघू."

रुग्णालयात सगळे त्यांना भाई म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि रुग्णालयाचंही नाही. ते नगर शहरातलं, एका ट्रस्टचं. मी तिथे प्रशासकीय अधिकारी होतो. भाई नोकरीत नव्हते; वर्षाच्या करारावर संगणकांची देखभाल करायचे. झेंडीगेटजवळ त्यांचं एका शटरचं दुकान होतं. त्या दुकानात त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग संगणक. कॉलेजात गेलेले नव्हते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. ही गोष्ट मी त्यांना कधी विसरू दिली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. तो आला की कुणी मान वर करून बघत नाही आणि आला नाही की तासाभरात सगळं अडतं.

सर्व्हरच्या खोलीत, दाराच्या मागे, भाईंनी हाताने आखलेला एक तक्ता चिकटवला होता. पहिल्या रकान्यात जोडणीचं नाव, दुसऱ्यात दर सेकंदाला किती मेगाबाईट, तिसऱ्यात तेच किती मेगाबिट. आयडीईची जुनी चपटी पट्टी: १३३, म्हणजे १०६४. मोठ्या यंत्रांची स्कझी: ३२०, म्हणजे २५६०. कारण साठवणीची यंत्रं बनवणारे आपला वेग बाईटमध्ये सांगतात आणि नेटवर्कवाले बिटमध्ये. डिस्क भरलेलं जुनं कपाट नव्या तारेला जोडायचं तर एकाची भाषा दुसऱ्याला समजावून द्यावी लागते.

आमच्या क्ष-किरण विभागाच्या सिस्टरांना त्यांनी हे उसावर समजावलं होतं. "डिस्कवाला मोळ्या मोजतो, सिस्टर. तारवाला एकेक ऊस मोजतो. मोळीत आठ ऊस. झालं."

"मग या साटा जोडणीच्या ओळीत दहाने का गुणलंय?"

"तिथं दोन ऊस मोळी बांधायलाच जातात."

सिस्टर हसल्या. "भाई, सासुरवाडीला पण घड्याळ काढून बसता का हो?"

"बसतो की. चहा यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवलंय. दर वर्षी वाढतोय."

त्या तक्त्याला चौथाही रकाना होता. त्याच्या डोक्यावर एकच शब्द होता: 'खरं'. त्यात ते आधी पेन्सिलने लिहायचे. एक फोल्डर घ्यायचं, घड्याळ लावून इकडून तिकडे पाठवायचं, किती मिनिटं लागली ते बघून आकडा टाकायचा. पूर्ण काम तडीस गेलं की मगच त्या पेन्सिलीवर शाई चढायची. पेन्सिल ते फार दाबून धरत. कागदाच्या मागच्या बाजूला आकडा उठायचा. "भाई, कागद फाडाल," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "रेडिओच्या आतल्या पत्र्याच्या पाट्यांवर लिहायची सवय, साहेब. तिथं हलकं लिहिलं तर राहत नाही."

आता मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं तो टाळण्यातच गेली.

रस्त्याच्या पलीकडे आमची नवी इमारत उभी राहिली. उद्घाटन रविवारी सकाळी अकराला ठरलं, पाहुणे मोठे होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. जुन्या इमारतीची वीज रविवारी सकाळी नऊला तोडून नव्या इमारतीला द्यायची होती. त्याआधी जुन्या कपाटातले सगळे सीटी स्कॅन नव्या साठवणीत न्यायचे होते. आठ वर्षांचे स्कॅन, दोन टेराबाईट.

विश्वस्तांच्या बैठकीत मी फळ्यावर गणित मांडलं. जुनं कपाट स्कझीचं. तीनशेवीस गुणिले आठ, दोन हजार पाचशे साठ मेगाबिट. नवी तार हजार मेगाबिटची. म्हणजे कपाट तारेपेक्षा अडीच पट वेगवान, तेव्हा वेग तारेचा धरायचा. हजार भागिले आठ, दर सेकंदाला एकशेपंचवीस मेगाबाईट. दोन टेराबाईटला चार तास सत्तावीस मिनिटं. "शनिवारी दुपारी दोनला सुरू केलं तर संध्याकाळी साडेसहाला मोकळे," मी म्हणालो. अध्यक्षांनी मान डोलावली. एक विश्वस्त म्हणाले, "याला म्हणतात शिकलेला माणूस." ते वाक्य मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

गणितात चूक नव्हती. आकडे भाईंच्याच तक्त्यातून उचललेले होते. फक्त मी तीन रकाने उचलले, चौथा भरायची वाट बघितली नाही.

शुक्रवारी दुपारी भाई माझ्या खोलीत आले. उभेच राहिले.

"साहेब, मोजलं. अकरा येतंय."

"अकरा काय?"

"अकरा मेगाबाईट. एका मिनिटात सहाशेसाठ गेले. तीनदा लावून बघितलं."

"भाई, तार हजाराची आहे. एकशेपंचवीस यायला पाहिजेत."

"तार हजाराचीच हाय. पण जुन्या सर्व्हरचं नेटवर्कचं कार्ड शंभराचं. शंभर भागिले आठ करा, साडेबारा. थोडं वाटेत जातं. अकरा राहतं. कपाटावर तीनशेवीस लिहिलेलं असू दे, तोंडातून बाहेर अकराच येणार."

"मग कार्ड बदला."

"बदलायला मशीन बंद करावं लागेल." ते जरा पुढे झाले आणि आवाज खाली आणून बोलले. "त्या डिस्क आठ वर्षं थांबल्या नाहीत, साहेब. गरगर फिरतायत म्हणून जिवंत हायेत. एकदा थांबल्या तर त्यातल्या किती उठतील मला सांगता येणार नाही. एक नाही उठली तर बाकीच्या सांभाळून घेतील. दोन नाही उठल्या तर सगळंच गेलं."

"मग किती वेळ लागेल म्हणता?"

"दोन दिवस, वर अडीच तास. सोमवारी संध्याकाळपर्यंत द्या."

सोमवार संध्याकाळ. मला आठवतं, माझ्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता आणि भाई बोलत असताना मी वरच्या पत्रिकेवरचा सोनेरी गणपती बघत होतो.

त्यांनी उपायही आणला होता. नव्या इमारतीच्या जनरेटरवरून एक वायर ओढायची, रस्ता ओलांडून जुन्या इमारतीत न्यायची, कपाट आणि जुना सर्व्हर तेवढ्यावर सोमवारपर्यंत चालू ठेवायचा. वायर त्यांनी स्वतःच्या दुकानातून आणून खाली ठेवली होती.

"कुठून नेणार ती?"

"दरवाज्यासमोरूनच जावी लागेल."

"समोरून? काळी वायर? पाहुणे काय तिच्यावरून उड्या मारत येणार?"

"वरून गालिचा टाकू ना, साहेब."

"भाई, मी बैठकीत साडेचार तास सांगितलेत."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलेत खरं." आणि गेले. जाताना त्यांनी तक्त्याच्या सर्वांत खालच्या ओळीत, चौथ्या रकान्यात, पेन्सिलने ११ लिहिलं. ते मी संध्याकाळी पाहिलं.

शनिवारी दुपारी दोनला त्यांनी काम सुरू केलं. मला न विचारता त्यांनी एक गोष्ट केली होती: सिस्टरांकडून उपचार चालू असलेल्या रुग्णांची यादी घेऊन त्यांचे स्कॅन आधी लावले. साडेसहाला मी खोलीत डोकावलो. पडद्यावर नऊ टक्के होतं. त्यांनी मला आकडा वाचून दाखवला नाही, खुर्ची फक्त बाजूला सरकवली, मला दिसावं म्हणून.

रविवारी सकाळी पावणेनऊला सदतीस टक्के झालं होतं. इलेक्ट्रिशियन खांबाजवळ उभा होता. भाई पायऱ्यांवर आले, वायरचं वेटोळं अजून खांद्यावर. "साहेब, अजून पंधरा मिनिटं हायेत. ओढतो मी. गालिच्याखाली दिसणार पण नाही."

समोर मांडव लागला होता. सनईची टेप सुरू झाली होती. मी इलेक्ट्रिशियनला म्हणालो, "घ्या बंद."

भाईंनी वेटोळं खाली ठेवलं आणि ते आत गेले. मी मागोमाग गेलो. त्या खोलीत आठ वर्षं एक घरघर होती, कानाला सवय झालेली. ती हळूहळू उतरत गेली आणि थांबली. भाईंनी टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं.

सोमवारी तीच वायर ओढून वीज देऊन पाहिली. चौदातल्या तीन डिस्क उठल्या नाहीत. त्यांनी त्या काढून तळहातावर धरल्या, ऊब दिली, कानाशी लावल्या. पुण्याला दोन ठिकाणी नेऊन आणल्या. काही झालं नाही.

महिनाभर कुणाला फारसं कळलंही नाही. मग कर्जत तालुक्यातल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, पिशवीत जुने कागद नीट घडी करून ठेवलेले. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे उपचार होऊन बऱ्या झाल्या होत्या, म्हणून चालू रुग्णांच्या यादीत त्या नव्हत्या. आता फुप्फुसावर डाग दिसत होता.

"डाक्टर म्हनले, जुना फोटू बगू द्या. डाग तवाचाच हाय का नवा, ते त्याच्यावरनं कळंल. तर जुना फोटू द्या मला."

खिडकीतल्या कारकुनाने त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी सांगितलं, तो मिळणार नाही.

"न्हाई म्हंजी? मी हितंच काढलाय न्हवं?"

"हो. पण आता तो नाही."

"कुनी नेला?"

मी टेबलावरची फाइल मिटली. त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा घडी केले. जुना स्कॅन नसल्यामुळे डॉक्टरांनी धोका पत्करला नाही, छाती उघडली. डाग जुनाच होता, वण होता नुसता. पण त्या शस्त्रक्रियेनंतर बाई पुन्हा शेतात जाण्यासारख्या राहिल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी अर्ज केला, आणि चौकशी लागली.

तीन विश्वस्तांची समिती नेमली. कागदपत्रं माझ्याकडून मागवली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि मुदतवाढीची बोलणी चालू होती. तक्ता मी दारामागून काढून टेबलावर घेतला. सर्वांत खालची ओळ. स्कझी, ३२०, २५६०, आणि शेवटी पेन्सिलीतलं ११.

माझ्या खणात खोडरबर होतं. दुपारची वेळ होती, बाहेर कँटीनवाला कपबशा गोळा करत होता. दोन-तीनदा घासावं लागलं. मी कागदावर फुंकर मारली, हाताने चुरा झटकला आणि तक्ता फाइलला लावला. एवढंच करायला लागतं.  

चौकशीत अध्यक्षांनी भाईंना विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष वेग मोजला होता का?"

"मोजला होता. अकरा. तक्त्यात लिहिलाय."

तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला. मग अंगठा त्या रिकाम्या चौकोनावरून हळू फिरवला, एकदा, दोनदा. मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बिघडलेलं यंत्र उघडल्यावर आत काय गेलंय हे कळलं की ते जसं बघायचे, तसं.

"लिहिलं होतं," ते म्हणाले.

"होतं म्हणजे?"

"होतं म्हणजे होतं, साहेब. आता दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाहीच की," दुसरे विश्वस्त म्हणाले. कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता भाई माझं नाव घेतील. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. त्यांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला.

अहवाल मी लिहिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: 'प्रत्यक्ष वेगाची पडताळणी संबंधित तंत्रज्ञाने केलेली नव्हती.' करार रद्द झाला. नगर एवढंसं गाव. त्या वाक्याची बातमी दोन शाळा, एक पतसंस्था आणि दवाखान्यांत पोचायला आठवडाही लागला नाही. जो माणूस मोजल्याशिवाय बोलत नसे, तो न मोजणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. वर्षभरात त्यांच्या दुकानाच्या शटरवर दुसऱ्याची पाटी आली.

मला मुदतवाढ मिळाली.

त्यानंतर ते एकदाच भेटले, माळीवाड्याच्या बसस्थानकावर. कर्जतच्या गाडीची वाट बघत होते, हातात मोसंब्यांची पिशवी. दाढी पांढरी झालेली. मीच बोललो, कारण तोंड चुकवायला जागा नव्हती.

"भाई, इकडे कुठे?"

"कर्जतला. त्या बाईंना बघून येतो. महिन्या-दोन महिन्यांनी जातो."

"कशा आहेत?"

"दम लागतो. मागच्या वेळी ओट्यापासून विहिरीपर्यंत मध्ये दोनदा बसल्या. आधी तीनदा बसायच्या." एवढं सांगून त्यांनी सवयीने घड्याळाकडे बघितलं. "गाडी वीस मिनिटं लेट हाय."

मी विचारलं नाही की तुम्ही का जाता. जायला पाहिजे होतं मी. त्यांनी पिशवीतून एक मोसंबं काढून माझ्या हातात दिलं, "घ्या साहेब, गोड हायेत." गाडी आली, ते चढले. मी ते मोसंबं घेऊन सावेडीपर्यंत रिक्षात बसलो. घरी नेलं नाही. रिक्षाच्या सीटवरच ठेवलं.

ते गेल्याचं मला दोन महिने उशिरा कळलं. मुकुंदनगरला त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नेवाशाला शाळेत गणित शिकवते, सुट्टीवर आली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी पाणी आणून दिलं. घड्याळ तिच्या मनगटावर होतं, पट्टा आत दुमडून बसवलेला.

"अब्बांना माहीत होतं," ती म्हणाली. "खोडलेलं कुणी ते."

"मग बोलले का नाहीत?"

"आम्ही पण विचारायचो. अम्मी तर भांडायची. ते म्हणायचे, साहेबांनी वाईटपणानं नाही केलं, घाबरून केलं. घाबरलेल्या माणसाला चारचौघांत काय पकडायचं."

मी मान खाली घातली. तिने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला आणि सरळ म्हणाली, "काका, तुम्ही रडायला आला असाल तर त्याचा आम्हाला काही उपयोग नाही. एक करा. त्यांनी मोजलं होतं, एवढं लिहून द्या. जिथं ते दुसरं लिहिलंय, तिथं. आणि बाकी कुठं लिहिलंत तर त्यांचं नाव नका घालू. लोकांना पुन्हा बोलायला नको."

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी रोज उद्या लिहायचं ठरवलं. आधी डोळ्याचं ऑपरेशन होतं, मग नातवाची मुंज. मला वाटतं, मी मरण्याची वाट बघत होतो, म्हणजे लिहावं लागलं नसतं.

या आठवड्यात पत्र लिहिलं. त्यात त्यांचं नाव आहे, माझंही आहे. गणित कुणी मांडलं, वायर कुणी नाकारली, खोडरबर कुणाच्या खणातलं, सगळं आहे. निवृत्त होताना मी ती फाइल घरी आणली होती. वाटायचं, सापडू नये म्हणून आणली. बहुतेक हरवू नये म्हणूनच आणली असेन. नक्की सांगता येत नाही. तक्ता पत्रासोबत जोडतो आहे.

काल दुपारी तो शेवटचा टेबलावर पसरला. चारच्या सुमाराला माझ्या खिडकीतून ऊन आडवं येतं. चौकोन रिकामाच होता. मी पेन्सिल घेतली, टोक काढलं, आणि खाली ठेवली. तो रकाना मोजणाऱ्याचा आहे, मला त्यात लिहिता येत नाही. कागद उचलताना तो जरासा कलला आणि उन्हात १ चे दोन खोल ठसे दिसले, शेजारी शेजारी, रेडिओच्या पाटीवर दाबून लिहिल्यासारखे. मी फक्त शिसं पुसलं होतं.

म्हणून पत्राच्या शेवटी विश्वस्तांसाठी एक सूचना लिहिली आहे. सोबतचा कागद सरळ धरून वाचू नये. उजेडाकडे तिरका धरावा, आणि सर्वांत खालच्या ओळीवरून, अगदी शेवटी, अंगठा फिरवून पाहावा.